चॉकलेटची पारी, बिनतुपाची

कामं आवरली असतील तर बसा, आवरली नसतील तर हात कामात असू द्या आणि कान इकडे असू द्या. आज एक पदार्थ सांगणार आहे. मध्ये मापं येतील, तेव्हा जवळ वही-पेन ठेवा. मापं मी दोनदा सांगीन.

पदार्थाचं नाव ऐकून आमच्या गटात पहिल्या दिवशी हसून हसून पुरेवाट झाली होती. नाव आहे चॉकलेट पाय. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, कुणाचा पाय?" मी म्हटलं, आई, हा चालायचा पाय नव्हे. हा परदेशातला पदार्थ आहे. खाली पिठाची पसरट वाटी भाजून घ्यायची आणि तिच्यात गोड सारण भरायचं. आपण करंजीला पारी लाटतो, मोदकाला पारी करतो, तशी ही पायाची पारी. फरक एवढाच, की करंजी वरून मिटवतो आणि ही उघडीच ठेवतो. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तोंड उघडं राहिलेली करंजी." तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव उघडी करंजी असंच पडलंय.

आज सांगणार आहे ती ही पारी. ती लोण्याशिवाय, तुपाशिवाय, अंड्याशिवाय आणि मैद्याशिवाय करायची. नाचणी, गहू, शेंगदाणा, गूळ आणि कोको. यातलं कोको सोडलं तर सगळं आपल्या घरातलं.

आता तुम्ही म्हणाल, घरी म्हशी असताना ही बाई तूप सोडून कशाला मागे लागली? त्याचं कारण आधी सांगते.

माझी भाची पुण्याला असते. तिचा मुलगा म्हणजे माझा नातूच. तो तान्हा होता तेव्हा वरचं दूध सुरू केलं आणि अंगावर लाल चट्टे उठले, उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, याला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. काहींना दूध पचत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात, ती गोष्ट वेगळी. त्यात दुधातली साखर पचत नसते, थोडं पोटात गेलं तर त्रास होतो आणि थांबतो. अ‍ॅलर्जीमध्ये शरीर दुधातल्या प्रथिनालाच शत्रू समजतं. मग थोडंसंही चालत नाही. चट्टे उठतात, ओठ सुजतात, एखाद्याचा श्वाससुद्धा अडकतो. तेव्हा अशा मुलाला "एवढुशानं काय होतंय" असं आपण आजी-मावशींनी म्हणायचं नसतं. मी म्हटलेलं आहे, म्हणून सांगते.

तर हे पोर कुणाच्याही वाढदिवसाला गेलं की केक आला की भाची त्याला उचलून बाहेर न्यायची. बाकीची पोरं खातायत आणि हा हातात फुगा घेऊन उभा. त्याच्या चौथ्या वाढदिवसाआधी भाचीचा फोन आला. म्हणाली, "मावशी, तू बेकरीचं शिकलीस ना, मग याला चॉकलेटचं काहीतरी करून दे. पहिला घास त्याचा असला पाहिजे."

मी गटातर्फे बिस्किटं, नानकटाई शिकले होते. पण नानकटाई म्हणजे सगळा तुपाचा खेळ. तूप काढलं तर पीठ धरणार कशावर? तिथून माझी शाळा सुरू झाली.

पहिल्यांदा मी नुसत्या नाचणीची पारी केली. डब्यातून काढताना तिचा भुगा झाला. का झाला? गव्हात जो चिकटपणा असतो तो नाचणीत नसतो. म्हणून तर नाचणीची भाकरी थापताना उकड काढावी लागते. दुसऱ्यांदा मी म्हटलं, गव्हाचं पीठ घालू. घातलं, पण सवयीनं पोळीच्या कणकेसारखं मळमळ मळलं. ती पारी अशी कडक झाली की सुरीनं तुटेना. धाकटी जाऊ म्हणाली, "वहिनी, हे खापर कुंडीखाली ठेवू का?" तिसऱ्यांदा जमली. खुसखुशीत झाली, तुकडा सरळ पडला, चव उत्तम. मी ती डब्यात भरली, टॉवेलात गुंडाळली आणि एसटीनं पुण्याला गेले.

दारातच भाचीनं डबा हातात घेतला. उघडून वास घेतला. खूश झाली. मग म्हणाली, "मावशी, भाजायच्या भांड्याला काय लावलं होतंस?"

मैत्रिणींनो, माझ्या पोटात गोळा आला. पिठात तुपाचा थेंब घातला नव्हता. पण भांड्याला हात फिरवताना मी तुपाचंच बोट फिरवलं होतं. चाळीस वर्षांची सवय. हात आपोआप तुपाच्या बरणीत गेला, मला कळलंसुद्धा नाही. पोर तिथेच उभं होतं, डब्याकडे बघत. भाची मला एक शब्द बोलली नाही. तिनं डबा झाकला आणि वर फळीवर ठेवला. ते झाकण लागल्याचा आवाज मला अजून आठवतो.

त्या रात्री पुढं काय केलं ते नंतर सांगते. आधी पारी सांगते, म्हणजे ज्यांना मध्येच उठायचंय त्यांचं माप राहणार नाही.

आधी कोकोबद्दल थोडं. कोको हे झाडाचं बी. आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र, तामिळनाडू इथं नारळ-सुपारीच्या बागेत, सावलीला ही झाडं लावतात. फळ फोडून बिया आंबवतात, वाळवतात, भाजतात, सालं पाखडतात. मग वाटल्यावर त्यातली चरबी दाबून काढतात आणि उरलेल्या पेंडीचं पीठ करतात. ती कोको पावडर. ती कडू असते. दुकानात दुधात घालून प्यायची जी चॉकलेट पावडर मिळते ती ही नव्हे. तिच्यात साखर असते, कधी दुधाची पावडरही असते. पाकिटामागं घटक लिहिलेले असतात. तिथं फक्त कोको असं लिहिलेलं हवं.

आता मापं. लिहून घ्या.

नाचणीचं पीठ शंभर ग्रॅम. कुणाकडे नाचणीला नागली म्हणतात, तीच ती. गव्हाचं पीठ साठ ग्रॅम. भाजून सोललेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट साठ ग्रॅम. कोको पावडर वीस ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे. किसलेला गूळ चाळीस ग्रॅम. शेंगदाण्याचं तेल चार मोठे चमचे. पाणी चार मोठे चमचे. आणि चिमूटभर मीठ. मोठा चमचा म्हणजे पंधरा मिलीचा, मोजायच्या चमच्यांच्या संचात सगळ्यात मोठा असतो तो.

परत सांगते. नाचणी शंभर, गहू साठ, दाण्याचं कूट साठ, कोको वीस, गूळ चाळीस. तेल चार चमचे, पाणी चार चमचे, मीठ चिमूट. एवढ्यात आठ ते नऊ इंचाची एक पारी होते. तिचे आठ तुकडे पडतात.

ज्यांच्याकडे काटा नाही त्यांनी दीडशे मिलीची वाटी धरा. नाचणी एक वाटी, गहू पाऊण वाटीला थोडं कमी, कूट पाऊण वाटी. पण विकायचं असेल तर काटा घ्याच. वाटी हातागणिक बदलते, काटा बदलत नाही.

शेंगदाणा निवडून घ्या. काळा पडलेला, बुरशी आलेला, सुरकुतलेला, कडू दाणा टाकून द्या. बुरशीच्या दाण्यात जे विष तयार होतं ते भाजून जात नाही. आपण चटणीला खपवतो तसा इथं खपवू नका. खरं तर चटणीलाही खपवू नका.

आता कृती. नाचणीचं पीठ मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजा. खमंग वास आला की उतरवा आणि गार होऊ द्या. न भाजता घेतलं तर चॉकलेटमागून कच्ची चव येते. चार चमचे पाणी कोमट करून त्यात गूळ विरघळवा आणि गाळून घ्या. गुळात खडा-कचरा असतोच. हे गुळाचं पाणी गार करा.

परातीत नाचणी, गव्हाचं पीठ, कोको, मीठ एकत्र चाळून घ्या. कोकोच्या गुठळ्या राहिल्या तर तेवढाच घास कडू लागतो. त्यात कूट मिसळा. मग तेल घाला आणि दोन्ही तळव्यांत पीठ चोळा. करंजीच्या पिठाला मोहन घालून चोळतो तसंच. तेल कडकडीत तापवायची गरज नाही. पिठाच्या कणाकणाला तेल लागलं की गव्हाचा चिकटपणा आवरला जातो, म्हणून पारी खुसखुशीत होते. लोणी जे काम करतं तेच इथं तेल आणि दाण्याचं कूट मिळून करतात.

आता गुळाचं पाणी एक-एक चमचा घाला. सगळं घालावं लागेलच असं नाही. पावसाळ्यात पीठ दमट असतं तेव्हा कमी लागतं. मूठ वळून बघा. मुटका झाला पाहिजे, आणि अंगठ्यानं दाबल्यावर तो मोडला पाहिजे. नुसता भुगा होत असेल तर अर्धा चमचा पाणी घाला. हाताला चिकटत असेल तर पाणी जास्त झालं, चमचाभर नाचणी घाला. मळू नका. गोळा करा आणि सोडा. मळलं की माझं खापर होतं, लक्षात ठेवा.

झाकून वीस मिनिटं ठेवा. नाचणी पाणी हळू पिते. तेवढ्यात भांड्याला तेलाचं बोट लावा. तेलाचं. मी पुन्हा सांगत नाही.

तळ सुटा होणारा केकचा डबा असला तर उत्तम. नसला तर काठ असलेली जर्मनची थाळी चालते. तळाशी कागद कापून घाला म्हणजे पारी सुटते. ही पारी लाटायची नाही, थापायची. मधून बाहेर थापत न्या आणि काठावर बोटानं वर चढवा. तळ आणि काठ मिळतात तो कोपरा जाड राहतो आणि कच्चा राहतो. तिथं वाटीचं बूड दाबून घ्या. काट्यानं तळाला टोचे मारा, नाहीतर वाफेनं मध्ये फुगते.

भट्टी असेल तर एकशे ऐंशी अंशावर अठरा ते वीस मिनिटं. भट्टी नसेल तर जाड बुडाची लोखंडी कढई घ्या. तिच्यात दोन बोटं जाड मीठ किंवा स्वच्छ वाळू घाला, वर तिवई ठेवा, झाकण लावा आणि दहा मिनिटं तापवा. मग भांडं आत ठेवा आणि मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटं भाजा. बऱ्याच जणी कुकरची शिटी-रबर काढून कोरडा कुकर तापवतात. मी सांगणार नाही. कुकर पाण्यासाठी केलेला असतो, कोरडा तापवून तो खराब होतो. कढई बरी.

भाजलं कसं ओळखायचं? नानकटाईचा रंग बघतो, पण ही आधीच काळी. रंगानं कळत नाही. म्हणून नाक आणि बोट वापरा. दाणे भाजल्याचा आणि कोकोचा वास घरभर आला, काठ भांड्यापासून सुटला आणि मध्ये बोट लावल्यावर ओल लागली नाही, की झालं. गरम असताना ती मऊच लागते. घाबरून आणखी भाजू नका, कोको करपला की कडू जहर होतो. उतरवून ठेवा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. घाई केली की तुटणार. मी घाईनं चार पाऱ्या मोडल्यात आणि पोरांनी त्या दुधाबरोबर खाल्ल्यात. वाया काही गेलं नाही, पण ऑर्डर गेली असती.

ज्यांना गहूही चालत नाही त्यांनी गव्हाऐवजी नाचणीच वाढवावी आणि भाजलेल्या जवसाची पूड एक मोठा चमचा, तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घालावी. जवस भिजलं की बुळबुळीत होतं, ते पीठ धरतं. अशा वेळी गुळासाठीचं पाणी अर्धंच घ्या. ही पारी थोडी नाजूक होते. तिला मोठ्या थाळीऐवजी छोट्या वाट्यांत थापा.

आता सारण थोडक्यात. नारळाचं दाट दूध अर्धा लिटर. त्यातलं अर्धी वाटी बाजूला काढून त्यात कॉर्नफ्लोअर चार मोठे चमचे आणि कोको तीन मोठे चमचे गुठळी न ठेवता कालवा. उरलेल्या दुधात साठ-सत्तर ग्रॅम गूळ विरघळवून गाळा, गरम करा, त्यात हे कालवण ओता आणि ढवळत राहा. उलथनं फिरवल्यावर तळ दिसायला लागला की उतरवा. कोमट झाल्यावर पारीत ओता. गरम ओतलं तर पारी भिजते. वर केळ्याच्या चकत्या लावा. सारण भरलेला पाय उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका. नारळाचं दूध लवकर आंबतं. फ्रिज असेल तर दोन दिवस, नसेल तर त्याच दिवशी संपवा. रिकामी पारी मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर छान राहते. त्यामुळं गटाला विकायला पारीच सोयीची.

आता त्या रात्रीकडे येते.

फळीवर माझा डबा. सकाळी वाढदिवस. भाचीकडे नाचणी नव्हती आणि भट्टीही नव्हती. मी तिचे डबे उघडून बघितले. खजूर होता, शेंगदाणे होते, कोको मी बरोबर नेला होता. शेंगदाणा या मुलाला चालतो हे डॉक्टरांनी तपासलेलं होतं, ते मी आधी विचारून घेतलं. अ‍ॅलर्जीच्या घरात आपल्या मनानं काही ठरवायचं नसतं. मग मिक्सरचं भांडं. त्यात दुपारी ताक फिरवलेलं. भाचीनं ते गरम पाण्यानं, साबणानं घासलं, झाकणाचं रबर काढून घासलं, पुसून मला दिलं. तेव्हा मला कळलं, ही पोरगी चार वर्षं रोज हेच करतेय.

बिया काढलेला खजूर दीडशे ग्रॅम. भाजून सोललेले दाणे शंभर ग्रॅम. कोको दोन मोठे चमचे. खोबरेल एक मोठा चमचा, खायचं. मीठ चिमूट. आधी दाणे जाडसर फिरवले, मग बाकीचं घालून गोळा होईपर्यंत फिरवलं. नव्या ताटलीत थापलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. भाजायचं कामच नाही. खजूर चिकट, तोच सगळं धरून ठेवतो. मिक्सर नसेल तर खलबत्त्यात कुटा, छान होतं. पण एक आहे. खोबरेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांच्या वर पातळ होतं. फ्रिजशिवाय आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ही पारी ताठ उभी राहणार नाही. थंडीत करा. उन्हाळ्यात भाजलेलीच बरी.

एवढं झाल्यावर मी पिशवीतून चॉकलेटची वडी काढली. ती वितळवून पारीला आतून पातळ हात देणार होते, म्हणजे सारणानं पारी भिजत नाही. भाचीनं वडी उलटी केली, बारीक अक्षरं वाचली आणि परत माझ्या हातात दिली. आत दुधाची पावडर होती. वडी काळीभोर, कडू, पुढं मोठ्या अक्षरात डार्क लिहिलेलं, आणि मागं दूध. एका दिवसात दुसऱ्यांदा. आम्ही ती वडी बाजूला ठेवली आणि दाणे मऊ वाटून त्याचाच पातळ थर दिला.

म्हणून सांगते, पाकीट उलटं करा. पुढं असते ती जाहिरात आणि मागं असते ती हकिगत. आणि हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. शाकाहारी म्हणजे बिनदुधाचं नव्हे.

आता गटाच्या कामाचं. हल्ली शहरातून, हॉटेलांतून व्हीगन पदार्थाला मागणी येते. व्हीगन म्हणजे जनावरापासून आलेलं काही नाही. दूध, दही, तूप, लोणी, अंडं, मध, काही नाही. आपल्या चटणी-भाकरीत असे कितीतरी पदार्थ आधीच आहेत, फक्त नाव माहीत नव्हतं. पण पाकिटावर तो शब्द आपल्या मनानं छापायचा नाही. २०२२ साली व्हीगन अन्नासाठी सरकारचे वेगळे नियम झाले. ते पाळल्याशिवाय तो शब्द किंवा त्याचं हिरवं चिन्ह वापरता येत नाही. खायचं विकायला एफएसएसएआयची नोंदणी तर लागतेच. आणि पाकिटावर घटक लिहिताना शेंगदाणा आहे, गहू आहे, हे स्पष्ट लिहायचं. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्याला जसं दूध, तसं दुसऱ्या कुणाला तरी शेंगदाणा.

आमच्या गटाची शेगडी, परात, चाळण याच भांड्यांत तुपाची नानकटाईही होते. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, की यात दूध-तूप घातलेलं नाही, पण याच जागेत तुपाचे पदार्थ होतात. घरात अ‍ॅलर्जी असेल तर आमच्याकडून घेऊ नका, कृती घ्या आणि घरी करा. यानं आमच्या दोन ऑर्डर गेल्या. जाऊ देत.

हिशोब करताना पीठ-गूळ-तेलाचा खर्च धरतोच. पण गॅस, कागद, डबा, एसटीचं भाडं आणि आपला वेळ हेही धरा. आणि दहात एक पारी तुटणार हे धरून बाकीच्या नऊंचा भाव काढा. तुटक्याचा भुगा टाकू नका. त्यात खजूर घालून लाडू वळा.

आणि ही पारी पौष्टिक आहे का? इथं मला खरं बोललं पाहिजे, कारण आपण विकताना हे बोलणार आहोत. नेहमीची पारी करतात ती दोनशे ग्रॅम बिस्किटांचा चुरा आणि शंभर ग्रॅम लोण्याची. शंभर ग्रॅम लोण्यात ऐंशी ग्रॅम चरबीच, आणि तिच्यातली निम्म्याहून जास्त गोठणारी, म्हणजे हृदयाला कमी चांगली. बिस्किटातली चरबी वेगळीच. आपल्या पारीत तेल आणि दाणे मिळून साधारण ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम चरबी आहे. म्हणजे कमी आहे, पण नाहीच असं नाही. फरक चरबीच्या जातीत आहे. आपल्यात मैदा नाही, नाचणीचा कोंडा आहे, दाण्याची प्रथिनं आहेत. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास. पण ते आठ तुकड्यांत वाटलं तर एका तुकड्याला चाळीस-पंचेचाळीसच येतं. हाडांसाठी भाकरी खा, आंबील प्या. पायाच्या भरवशावर राहू नका.

आणि गूळ. गूळ म्हणजे साखरच, रंगानं वेगळी. खजुराचंही तेच. आमच्या सासूबाईंना मधुमेह आहे. त्या म्हणाल्या, "गुळाचं आहे ना, मग मला चालेल." मी म्हटलं, आई, चालणार नाही. नुसत्या पारीचा एक तुकडा खाल्लात तर गूळ पाच ग्रॅम पोटात जाईल, वर सारण वेगळं आणि पिठाचीही साखरच होते. त्यांनी पारीचा अर्धा तुकडा बिनसारणाचा खाल्ला आणि चहातली साखर त्या दिवशी सोडली. असा हिशोब घालून खा. शुगर फ्री, मधुमेहींसाठी, असलं काही पाकिटावर लिहून कुणाच्या आजाराशी खेळू नका.

एक शेवटचं. गटाच्या बैठकीत एका ताईनं विचारलं, "आपण सगळ्या डेअरीला दूध घालतो. बिनदुधाचं शिकवून आपल्याच पायावर धोंडा का पाडून घ्यायचा?" प्रश्न बरोबर होता. माझ्या घरी दोन म्हशी आहेत, आणि दुधाच्या पगारावर माझ्या पोरांच्या शाळा झाल्यात. मी तिला म्हटलं, बाई, जो दूध पिऊ शकतो तो पितोच आहे, त्याला कोण अडवतंय? पण जो पिऊच शकत नाही त्यालाही तोंड आहे, आणि त्याच्या आईकडेही पैसे आहेत. त्याला आपण दूध विकू शकत नाही. आपली नाचणी विकू शकतो, आपला शेंगदाणा विकू शकतो. डोंगरावरची नाचणी कुणी विचारत नव्हतं म्हणून पेरणं कमी झालं होतं. आता आमच्या दोघी-तिघी पुन्हा पेरतायत. ती ताई काही लगेच पटली असं म्हणाली नाही. पण पुढच्या आठवड्यात तिनं पाच किलो नाचणी आणून दिली आणि भाव रोख घेतला.

तर वाढदिवस. सकाळी त्या लहान घरात दहा-बारा पोरं जमली. खजुराची पारी, नारळाच्या दुधाचं सारण, वर केळी. भाचीनं सुरी मुलाच्या हातात दिली आणि स्वतःचा हात वरून धरला. तो कापायला तयार होईना. त्यानं आईकडे बघितलं आणि विचारलं, "हे माझं पण आहे?" भाची म्हणाली, "पहिलं तुझं." त्यानं खाल्लं. तोंडभर चॉकलेट, नाकाला चॉकलेट. मग त्यानं दुसरा तुकडा उचलला आणि मला आणून दिला. वाढायचं काम त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा केलं. आजवर वाढदिवसात त्याच्या ताटलीत कुणी वाढत नव्हतं, आणि त्यानंही कुणाला वाढलं नव्हतं.

मी पुण्याहून येताना माझा तो तुपाचा हात लागलेला डबा परत आणला. एसटीत शेजारच्या बाईला एक तुकडा दिला. तिला आवडला. तिनं कृती विचारली आणि मी स्वारगेटपासून शिरवळपर्यंत ती सांगत आले. तीच आज तुम्हाला सांगितली.

करून बघा मैत्रिणींनो. पहिली तुटली तर दुसरी करा. भांड्याला हात लावण्याआधी हात कुठल्या बरणीत जातोय ते बघा. येते मी. नमस्कार.